बरोबरच असेल

“आतून बघून घ्या ताई, ड्रिलचा एकही कीस राहिलेला नाही,” असं म्हणत मिस्त्रींनी तो मॅनिफोल्ड माझ्यासमोर धरला होता. ऑगस्ट २०१४. भांडुपला एलबीएस रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचं गॅरेज. वर निळी ताडपत्री, तिच्या पोटात साचलेलं पाणी मधूनच एका कोपऱ्यातून धारेनं खाली पडायचं आणि गल्लीतली कोंबडी दचकून पळायची. मॅनिफोल्ड म्हणजे माझ्या गाडीच्या इंजिनाला हवा पोचवणारा अ‍ॅल्युमिनियमचा एक वेडावाकडा तुकडा, चार बोटं वाकवलेल्या पंजासारखा. नुकताच पेट्रोलने धुतलेला, त्यामुळे त्याला तो उग्र, गोडसर वास. मला नळ्यांच्या आतलं दिसावं म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताने मागून बॅटरीचा झोत धरला होता. मी मान थोडी पुढे केली, नजर मात्र नेली नाही. “बरोबरच असेल,” म्हणाले आणि मोबाइलकडे बघितलं. मोबाइलवर काहीही आलेलं नव्हतं. मिस्त्री क्षणभर तसेच उभे राहिले, मग त्यांनी बॅटरी बंद केली आणि मॅनिफोल्ड फडक्यावर ठेवून पुढच्या कामाला लागले.

एवढंच घडलं होतं.

पण गेली दहा-अकरा वर्षं ते अधूनमधून आठवतं. भाजी निवडताना आठवतं, सिग्नलला आठवतं. एका माणसाने आपलं काम उजेडात धरलं होतं आणि मी ते बघितलं नाही. त्यांना काही वाटलं असेल की नाही, मला माहीत नाही. मला वाटतं, अजून वाटतं.

गाडी २००८ च्या डिसेंबरात घेतलेली, वॅगन आर, १०६१ सीसीची, राखाडी. माझ्या स्वतःच्या पैशांतून आणि स्वतःच्या कर्जातून घेतलेली पहिली मोठी वस्तू. मी घरी बसून दुकानदारांचे हिशेब लिहिते, पाच-सहा किराणावाले, दोन मेडिकल, एक छापखाना. त्यातून ती गाडी उभी राहिली, त्यामुळे तिच्याबद्दल मला जी माया होती ती थोडी कडक स्वरूपाची होती. सीटवरचं प्लास्टिक वर्षभर निघालं नव्हतं. हॉर्न बदलला नाही, म्युझिक सिस्टीम बदलली नाही, काचांना फिल्म लावली नाही. कुणी काही सुचवलं की माझं एकच उत्तर असायचं, “कंपनीने विचार करूनच दिलं असेल ना.” आमच्या पिढीच्या मध्यमवर्गीय घरांत ‘कंपनीचं’ या शब्दाला एक वजन होतं. कंपनीचा फ्रिज, कंपनीचं घड्याळ, कंपनीत नोकरी. कारखान्यातून आलेल्या वस्तूला आपला हात लागला की ती उतरणार, ही समजूत माझ्या अंगात इतकी मुरलेली होती की बॉनेट उघडायचं ते फक्त पाणी आणि ऑइल बघायला. आत बघताना मी आवाजसुद्धा हळू करायचे, देवघरात करतात तसा.

मग आईचं डायलिसिस सुरू झालं.

आई डोंबिवलीला. माझ्याकडे विक्रोळीला कन्नमवार नगरात येऊन राहा म्हणून किती वेळा सांगितलं, पण ते घर सोडायला तयार नव्हती, आणि तिच्या डॉक्टरांचं युनिट परळला. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सातची पाळी, चार तास मशीनवर. पहाटे चारला मी विक्रोळीहून निघायचे, डोंबिवलीला तिला घ्यायचं, परळ गाठायचं, तिथल्या बाकड्यावर लॅपटॉप उघडून कुणाच्या तरी तांदळाच्या गोणी मोजायच्या, मग तिला परत डोंबिवलीला सोडून घरी. एका दिवसाला दीडशे किलोमीटर सहज होत. पेट्रोल तेव्हा मुंबईत लिटरला ₹८० च्या घरात होतं, सीएनजी किलोला त्याच्या साधारण निम्म्या भावात, आणि किलोमागे गाडी जास्त पळते. माझा धंदाच हिशेबाचा. वहीत दोन रकाने पाडून बघितलं, महिन्याला सात-आठ हजारांचा फरक येत होता आणि औषधांच्या यादीखाली तेवढीच तूट होती. गाडी गॅसवर टाकायची, हे त्या पानावरच ठरलं. ठरलं तरी मी पंधरा दिवस काही केलं नाही.

गॅस आत सोडायला मॅनिफोल्डला भोकं पाडावी लागतात. पहिल्या गॅरेजवाल्याने अर्ध्या दिवसाचं काम सांगितलं. “ड्रिलला ग्रीस लावतो, कीस ग्रीसला चिकटतो, मॅनिफोल्ड काढायची गरजच नाही.” मी मान हलवली आणि ओळखीच्या एका रिक्षावाल्या भाऊंना विचारलं. त्यांनी मला या मिस्त्रींकडे धाडलं. मिस्त्री मूळचे देवरुखकडचे, तेव्हा पन्नाशीचे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी आधी गाडी चालू करायला सांगितली आणि बॉनेटला हात टेकून नुसते ऐकत राहिले. मग दर सांगितला, पहिल्यापेक्षा चार हजारांनी जास्त, आणि पूर्ण दोन दिवस. मी घासाघीस सुरू केली. सांध्यात बसणारं गास्केट नवीन कशाला, दोन दिवस कशाला, मॅनिफोल्ड न उतरवता होत नाही का?

“होतं,” ते म्हणाले. “पण मी करत नाही.”

त्यावर मला पुढे बोलता आलं नाही. वरच्या चार हजारांवरून मी त्यांना दोन हजारांवर आणलं, हेही इथे लिहून ठेवते, कारण तेही आठवतं.

इंजिनाच्या त्या खोक्यात किती कमी जागा असते हे मला पहिल्या दिवशी कळलं. एरवी बॉनेट उघडलं की मला एक काळंभोर गचपण दिसायचं. मिस्त्री त्यात जागा शोधत होते. वीत लावून बघायचे, मग चार बोटं, मग एका जुन्या पुठ्ठ्याचा तुकडा कापून तो आत धरून बघायचे. रिड्यूसर कुठे बसणार? एक्झॉस्टच्या धगीपासून लांब पाहिजे, बॅटरीच्या अगदी अंगाला नको, पाण्याच्या पाइपापासून जवळ हवा आणि उद्या एअर फिल्टर बदलायचा तर मध्ये येता कामा नये. डिकीतल्या टाकीत गॅस २०० बार दाबाने कोंबलेला असतो. इंजिनाला तो दोन-एक बारवर लागतो. तो दाब उतरवणं हे रिड्यूसरचं काम, आणि एवढा दाब एकदम उतरला की गॅस बर्फासारखा गार पडतो, इतका की रिड्यूसर गोठून बसेल. म्हणून इंजिनाचं गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, त्याच्या अंगातून फिरवायचं. त्यासाठी हीटरकडे जाणारा धडधाकट रबरी पाइप मधोमध कापून तिथे टीच्या आकाराचा जोड लावतात. पाना-पक्कड फिरत होती तोवर मी स्वस्थ होते. तो पाइप ब्लेडने कापला आणि हिरवं कूलंट त्यांच्या मनगटावरून ओघळलं, तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.

“आत्ताच बदललं होतं ते,” मी म्हणाले. कूलंटबद्दल.

“भरून देतो ना,” ते म्हणाले.

जागा शोधण्याची ती रीत मात्र माझ्या ओळखीची होती. लालबागला आमची दहा बाय बाराची खोली होती आणि आम्ही सात जण. बाबांनी तिथे पोटमाळा काढला, पोटमाळ्याखाली कपाट, कपाटाच्या दारामागे खुंट्या, मोरीच्या कठड्यावर फळी, फळीखाली गव्हाचा डबा. प्रत्येक नवी वस्तू घरात येताना आधी तिची मापं घरात यायची. शिवणयंत्र आलं तेव्हा आईने वर्तमानपत्र त्याच्या मापाने कापून आठवडाभर जमिनीवर ठेवलं होतं, आम्ही त्याला वळसा घालून चालायची सवय करावी म्हणून. ही खोली बांधणाऱ्याने सात माणसांचा विचार केला नव्हता, तरी आम्ही तिच्यात बसलो. पण मला आठवतं ते हेही, की बाबा पोटमाळ्याच्या तुळईसाठी भिंतीत पहारीने भोक पाडत होते तेव्हा आई डोळे मिटून उभी होती. चुन्याचा धुरळा तिच्या केसांवर बसत होता. भाड्याची खोली, मालकाची भिंत, आणि वर्षानुवर्षं ती हाताने पुसून ठेवलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनिफोल्ड उतरवला. चार सिलिंडर, म्हणून चार भोकं. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर जिथे बसतो त्याच्या शक्य तितकं जवळ, चारही ठिकाणी अंतर सारखं, चारही ठिकाणी तिरप सारखी, गॅस थेट व्हॉल्व्हच्या दिशेने जाईल अशी. एक जरी मागेपुढे झालं तर गाडी थांबलेल्या जागी थरथरते. मिस्त्रींनी खडूने खुणा केल्या, पुसल्या, परत केल्या. मग पंचने चार बारीक ठोके मारले, ड्रिलचं टोक घसरू नये म्हणून. पाच मिलिमीटरचं ड्रिल, नंतर सहाचा टॅप मारून आटे पाडायचे आणि त्यात पितळी नोझल फिरवून बसवायचे. हे सगळं ते मला सांगत होते, कारण मी विचारत होते, आणि मी विचारत होते कारण बोलणं चालू असेपर्यंत ड्रिल चालू होणार नव्हतं.

शेवटी त्यांनी चष्मा लावला. “ताई, आता ड्रिल मारतो. थांबता, की चहाला जाता?”

मी चहाला गेले.

टपरी वीस पावलांवर. पाऊस भुरभुरत होता. चहा हातात आला आणि आवाज सुरू झाला. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, त्यामुळे लोखंडासारखी किंचाळी नव्हती. आधी घरघर, मग एक घट्ट, खोल जाणारा सूर, आणि शेवटी आरपार गेल्यावर एकदम पोकळ झालेला आवाज. मी मोजत होते. एक. मध्ये शांतता, बहुतेक फुंकर मारत असतील. दोन. चहावर साय धरली. तीन. माझ्या लक्षात आलं की मी उजव्या हाताने डावं मनगट घट्ट धरून ठेवलंय.

त्याच्या आदल्याच आठवड्यात आईच्या मनगटावर फिस्टुला केला होता. तोवर मानेतल्या नळीवर चाललं होतं. डायलिसिसला रक्त जोरात आणि भरपूर लागतं, साध्या शिरेतून ते मिळत नाही, म्हणून हाताची धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. धमनीचा जोर शिरेत शिरतो आणि दीड-दोन महिन्यांत शीर फुगून, जाड होऊन, जाड सुया झेलायला तयार होते. डॉक्टरांनी कागदावर दोन रेघा काढून त्यांच्यामध्ये तिसरी आडवी ओढून दाखवली होती. मी सही केली. “प्रश्न असतील तर विचारा,” ते म्हणाले होते, आणि माझ्याकडे प्रश्न होते, पण मी म्हणाले, “नाही, तुम्ही करताय ते बरोबरच असेल.” ज्या हाताने तिने मला अक्षरं गिरवायला शिकवली त्या हाताची आतली वाट कुणीतरी बदलणार होतं, कायमची, आणि मी बाहेर जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते.

चार.

परत आले तेव्हा मॅनिफोल्ड धुऊन, कॉम्प्रेसरची हवा मारून तयार होता. मग तो प्रसंग, जो मी वर लिहिला. संध्याकाळी सगळं जोडून झालं. रिड्यूसरला बॅटरीच्या पलीकडे जागा मिळाली होती. डिकीपासून गाडीच्या पोटाखालून आलेल्या पोलादी नळीला पुढे स्प्रिंगसारखे दोन वेढे दिले होते, इंजिनाच्या थरथरीने ती चिरू नये म्हणून. आतल्या छोट्या संगणकाला पेट्रोल इंजेक्टरच्या तारांमध्ये जोडलं होतं. गाडीने पेट्रोलचा इंजेक्टर किती वेळ उघडायला सांगितलं ते तो ऐकतो आणि त्याच हिशेबाने गॅस सोडतो. म्हणजे गाडीला वाटत राहतं की आपण पेट्रोलच पितोय. प्लगची फट जराशी कमी केली, गॅस पेटायला ठिणगी कडक लागते. आणि स्टेअरिंगच्या डावीकडे एक छोटं बटण, त्यावर चार हिरवे दिवे.

पहिल्या फेरीला मी आईला बॉनेट उघडून दाखवलं. डोंबिवलीला पहाटे पाच वाजता, सोसायटीच्या दिव्याखाली. ती वाकून बराच वेळ बघत राहिली. काळे पाइप, निळी क्लिप, मधूनच आडवी गेलेली तार, कोपऱ्यात अंग चोरून बसलेला रिड्यूसर. “अगं, ही तर आपली लालबागची खोली,” ती म्हणाली.

गॅसवर गाडी जरा जड होते. हवेची काही जागा गॅसच घेतो, त्यामुळे पुलाच्या चढावर ती एक श्वास उशिराने वर येते. गार असताना गाडी पेट्रोलवरच सुरू होते आणि कूलंट तापलं की आपोआप गॅसवर जाते, त्या वेळी पुढून एक बारीक ‘टक’ ऐकू येतं. डायलिसिस संपवून परळहून निघालो की दादर टीटीच्या आसपास ते व्हायचं. आई डोळे मिटून मागे टेकलेली असायची, हातावर गॉझची घडी दाबून. टक झालं की डोळे न उघडता म्हणायची, “लागला गॅस.” जणू कुकर लावलाय. त्या चार वर्षांत आमच्यात जे काही बोलणं त्या रस्त्यावर झालं, ते बहुतेक या दोन शब्दांनंतर सुरू झालेलं आहे. त्याआधी ती गप्प असायची. का ते कळलं नाही, पण टक होईपर्यंत मीही गप्प राहायला शिकले.

पंपावरच्या रांगांबद्दल काय सांगायचं, मुंबईत ज्याची गाडी गॅसवर आहे त्याने त्या भोगल्याच आहेत. संध्याकाळी प्रेशर पडलेलं, पुढे तीस रिक्षा, आणि नळी लागली की गाडीतल्या सगळ्यांनी उतरायचं. नियम योग्यच आहे. पण चार तास मशीनवर काढलेल्या बाईला उतरवताना माझा जीव कासावीस व्हायचा. एकदा घाटकोपरच्या पुढे एका पंपावर नळी धरणाऱ्या पोराने काही न विचारता आपली प्लास्टिकची खुर्ची उचलून तिच्यामागे ठेवली आणि परत मीटरकडे बघायला लागला. त्यानंतर मी पहाटे निघतानाच टाकी भरायला लागले. ६० लिटरची टाकी, प्रेशर चांगलं असेल तर आठ-नऊ किलो बसायचा. दिवसाची फेरी त्यात निघायची.

बाबा असते तर या सगळ्यात रमले असते. त्यांना गॅस येतो कुठून याचं फार कुतूहल. १९७४ च्या फेब्रुवारीत तेलविहिरी खोदणाऱ्या ‘सागर सम्राट’ने मुंबईपासून दीडेकशे किलोमीटरवर समुद्राच्या तळाला भोक पाडलं आणि तेल लागलं, ती बातमी त्यांनी कापून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवली होती. त्या तेलक्षेत्राचं नाव, मुंबई हाय, आमच्या घरात नातेवाइकाच्या नावासारखं उच्चारलं जायचं. तिथून समुद्राखालच्या नळांनी गॅस उरणला येतो. वडाळ्याला तो शहराच्या जाळ्यात शिरतो. महानगर गॅस कंपनी सुरू झाली १९९५ ला. नंतर धुराने हैराण झालेल्या रहिवाशांनी १९९९ साली उच्च न्यायालयात याचिका केली, आणि तिच्यावरच्या आदेशांमधून पुढच्या काही वर्षांत जुन्या टॅक्सी गॅसवर गेल्या. तेव्हा बाबा मुद्दाम टॅक्सीवाल्यांशी गप्पा मारायचे, पिकअप कसा, व्हॉल्व्ह बसतात का. त्या पद्मिनी टॅक्सींना भोक पाडावं लागत नसे. कार्बोरेटर होता, त्याच्या तोंडाशी मिक्सरची एक कडी बसवली की हवेबरोबर गॅस ओढला जायचा. कडी काढली की गाडी पुन्हा होती तशी. माझ्या गाडीचं तसं नव्हतं. किट काढता येईल, टाकी काढता येईल, भोक राहणारच. हे मिस्त्रींनी आधीच सांगितलं होतं, आणि हेच मला पंधरा दिवस अडवून बसलं होतं.

फिस्टुला चालू आहे की नाही हे रोज बोटांनी तपासायचं असतं. त्यावर बोटं ठेवली की आत मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. ती थांबली तर लगेच दवाखाना. आईला साखरेचा त्रास, तिची बोटं बधिर झालेली. म्हणून ती गाडीत बसली की हात पुढे करायची, “बघ गं, वाजतंय का?” सुरुवातीला मी बोटं टेकवल्यासारखं करून लगेच उचलायचे आणि म्हणायचे, “वाजतंय.” मला ती थरथर सहन होत नव्हती. एक दिवस युनिटमधल्या सिस्टरने ते बघितलं. तिने माझी तीन बोटं धरली आणि तिथे ठेवली, आणि माझ्या हातावर तिचा हात तसाच राहू दिला. बराच वेळ. मग मला ती थरथर नीट लागली. केवढी ताकद होती तिच्यात. त्यानंतर मी रोज मनापासून बघत आले, २०१८ च्या मार्चपर्यंत.

आई गेल्यावर डोंबिवलीच्या फेऱ्या थांबल्या. आता गॅसची तशी गरज नव्हती, माझा धाकटा दीर म्हणालाही, काढून टाका, डिकी मोकळी होईल. मी काढलं नाही. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट येते, टाकी उतरवायची, दाब देऊन तपासून आणायची, नवी तारीख ठोकून घ्यायची. ते करत आले. २०२३ ला गाडीला पंधरा वर्षं झाली, नोंदणी पुढे वाढवून घेतली. आरसीवर इंधनाच्या जागी ‘पेट्रोल/सीएनजी’ असं लिहिलेलं आहे.

या पावसाळ्यात ती सिग्नलला थरथरायला लागली. पेट्रोलवर असो की गॅसवर, उभी राहिली की हिसके. दोन ठिकाणी दाखवलं, दोन्हीकडे ‘बाहेरचं किट आहे, ते काढा’ एवढंच ऐकलं. मग भांडुपला गेले. ताडपत्रीच्या जागी पत्रे आलेत. कोंबड्या नाहीत. मिस्त्री साठीच्या पुढे गेलेत, पाने आता त्यांचा पुतण्या चालवतो, ते स्टुलावर बसून सांगतात. पण गाडी चालू केल्यावर ते उठले आणि बॉनेटला हात टेकून तसेच ऐकत राहिले. मग एका बाटलीतून थोडं साबणाचं पाणी आणि नंतर थोडा क्लीनर नोझलांवर मारत गेले. तिसऱ्या नोझलपाशी इंजिनाचा आवाज बदलला.

“तिसऱ्याचे आटे गेलेत. तिथून हवा खेचतंय. मोठा आटा पाडून नवा नोझल टाकायला लागेल. म्हणजे परत...”

“उतरवा,” मी म्हणाले. “गास्केट नवीन टाका.”

पुतण्याने मॅनिफोल्ड उतरवून दिला, पण ड्रिल मिस्त्रींनी स्वतः हातात घेतलं. चष्मा लावला. माझ्याकडे बघून टपरीच्या दिशेने मान केली. मी नाही म्हणाले आणि स्टूल ओढून समोर बसले. आधी त्यांनी जुने नोझल काढले, तेव्हा मी तो तुकडा मागून घेतला आणि आतून बघितला. नळ्यांच्या आत काळा, तेलकट थर होता, आणि त्यात चार भोकं. त्यांच्या आतल्या कडांवरून मी करंगळी फिरवली. धार कुठेच नव्हती. चारही कडा गोल कानसीने घासून उतरत्या केलेल्या होत्या, जिथे एकदा बसवल्यावर कुणाची नजर जाणार नाही अशा जागी. हवेला कुठे अडखळायला होऊ नये म्हणून. हे त्या दिवशी, मी चहा पीत होते तेव्हा केलेलं.

मग ड्रिल. मी बघत होते. चंदेरी कीस वेटोळी घेत बाहेर येत होता, मधेच तुटून त्यांच्या मनगटाच्या पांढऱ्या केसांवर चिकटत होता. टॅप त्यांनी अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे असा फिरवला. नंतर पेट्रोल, ब्रश, हवा. मग त्यांनी तो माझ्यासमोर धरला, मागून बॅटरी लावली आणि काही बोलले नाहीत.

मी एक डोळा मिटून एकेका नळीत बघितलं. पहिली. दुसरी. तिसरीत, नव्या आट्यांच्या खालच्या बाजूला, नखाच्या कोरीएवढं काहीतरी उजेडात लुकलुकलं.

“इथे एक आहे,” मी म्हणाले.

त्यांनी चष्मा वर सरकवला, मॅनिफोल्ड स्वतःकडे फिरवून बघितलं, परत फिरवून बघितलं. “मला नाही दिसत ताई,” ते म्हणाले. “तुम्ही बॅटरी धरा.” मी धरली. त्यांनी फडक्याचं टोक पिळून बारीक केलं, थुंकी लावली आणि माझ्या सांगण्याबरहुकूम आत घातलं. जरा डावीकडे, अजून थोडं खाली, हां, तिथेच.